चार नंबरची स्लाइड

"पहिली नळी कुठली?" अण्णांनी बाही दुमडत विचारलं.

"लाल टोपणाची."

"आणि मोजायची?"

"जांभळी. अण्णा, हे तुम्ही मला रोज विचारता."

"रोज इचारतो म्हणून तर तुला येतंय. बांध पट्टा."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. अण्णांची शीर शोधावी लागायची नाही, सुई नुसती टेकवली तरी रक्त यायचं. लाल टोपणाची नळी भरली, ती काढून जांभळी लावली. तेवढ्यात अण्णांनी दुसऱ्या हातानं खिशातला रुमाल काढून नाक पुसलं. रुमालावर तांबूस डाग उठला.

"हे काय?"

"नाकात खपल्या धरत्यात. महिना झाला. उसाच्या फडांची काजळी हाय हवेत, दुसरं काय असणार?"

"परवा घोटे दुखतात म्हणत होतात."

"छप्पन्न वर्षं मला उचलून हिंडल्यात. दुखणार न्हाईत तर काय नाचतील? काढ सुई."

मी सुई काढली, कापूस दाबला आणि नळ्या लाकडी रॅकमध्ये ठेवल्या. नाकाचा आणि घोट्यांचा विषय तिथंच संपला. आज हे लिहिताना माझ्या कानशिलात मारून घ्यावंसं वाटतं, पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझं सगळं लक्ष नळ्यांच्या टोपणांवर होतं. त्याला कारणही तसंच होतं.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात किडनी विभागाची छोटी लॅब होती. तिथं मी टेक्निशियन होते. रायगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, माझे वरिष्ठ. विभागाच्या प्रमुख डॉ. वैशंपायन मॅडम. किडनीच्या आजारात रक्तवाहिन्यांचं आतून किती नुकसान होतं, ते नुसत्या रक्तावरून ओळखता येईल का, असा मॅडमचा अभ्यास चालला होता, आणि त्यातली मोजणी आमच्याकडे होती.

मोजायचं काय, हे अण्णांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "तुमच्या गावच्या घरात जमीन सारवतात का?"

"सारवतात की. आई अजून सारवते."

"तसंच रक्ताच्या वाहिनीला आतनं सारवण असतंय. एका पेशीएवढं जाड, बास. त्यावरनं रक्त जन्मभर घसरत जातंय. आजारात त्या सारवणाच्या पेशी सुटून रक्तात पडत्यात. किती पडल्या ते आपण मोजायचं."

त्या पेशी सापडायच्या कशा, तर त्यांनाच चिकटतील असे लोखंडाचे सूक्ष्म मणी रक्तात सोडायचे आणि लोहचुंबकानं ओढून घ्यायचे. मग त्यांना हिरवा चकाकणारा रंग द्यायचा आणि काळोख्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. एका मिलिलिटर रक्तात पाचशे कोटी तांबड्या पेशी, आणि त्यात आम्ही शोधायचो त्या दहा-पंधरा. मी पहिल्यांदा भिंगाला डोळा लावला तेव्हा काळ्याभोर आभाळात एकच हिरवी गोळी दिसली. तिला चहूबाजूंनी मणी चिकटलेले, हुबेहूब राजगिऱ्याचा लाडू. माझ्या तोंडून तसं निघून गेलं आणि लॅबमध्ये त्या पेशींचं नाव लाडूच पडलं. पाच मणी चिकटले असतील तरच लाडू धरायचा, चार असतील तर नाही, हा नियम.

ती एक पेशी कुणाच्या तरी शरीराच्या आत, जिथं सूर्याचा कवडसा कधी पोचला नाही अशा जागी, वर्षानुवर्षं चिकटून बसली होती. आता ती काचेवर माझ्यासमोर होती. मी कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही. अण्णा मागून म्हणाले, "बघ, बघ. मला तीस वर्षं झाली, मला बी अजून तसंच होतंय." नोकरी गेली असती तर मला दुसरी कुठंही मिळाली असती. पण ते भिंग सुटेल याची मला खरी धास्ती होती.

धास्ती वाटायला घडलंही होतं तसंच. सुई शिरेत शिरताना आतलं सारवण खरवडते. ते खरवडलेलं पहिल्या नळीत येतं. म्हणून लाडू मोजायला पहिली नळी घ्यायची नाही, दुसरी घ्यायची. पण अण्णा पहिली नळीही फेकू द्यायचे नाहीत. ते जैन, घरात पाणी गाळून पिणारे, पानात शीतही न टाकणारे. म्हणायचे, "रक्त कुणाच्या तरी जेवणातनं झालेलं असतंय. फेकायचं न्हाई." मग पहिल्या नळीवर रोजच्या तपासण्या व्हायच्या. तेव्हा दोन्ही नळ्या जांभळ्या टोपणाच्याच होत्या, आणि कामाला लागून दीड महिना झाला असताना मी त्यांची अदलाबदल केली. जत तालुक्यातल्या एका बाईचे लाडू नव्वद निघाले. मॅडमनी तिला निरोप धाडला. ती बिचारी लेकीला घेऊन एसटीनं रडत आली आणि पुन्हा रक्त काढलं तर लाडू अकरा. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नूतन, परत असं झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून मी पहिली नळी लाल टोपणाची घ्यायला लागले. ती साधी नळी, तिच्यात औषध नसतं, त्यामुळं रक्त अर्ध्या तासात गोठतं. आणि लाडू मोजायला न गोठलेलं रक्तच लागतं. म्हणजे मनात आणलं तरी मला पुन्हा चुकता येऊ नये. अण्णांनी टोपणाचा रंग बदललेला पाहिला, कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आपल्या चुकीची आठवण आपण होऊन कोण काढतं?

तर त्या मंगळवारी अण्णांची पाळी होती. आजाऱ्याचं रक्त मोजायचं तर शेजारी निरोग्याचं हवं, नाहीतर जास्त ते कशापेक्षा जास्त, हे कळणार कसं? निरोगी माणसं आणायची कुठून, तर आम्हीच पाळीपाळीनं दंड पुढं करायचो. पांढरा कोट घातला की माणूस निरोगी, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. त्यात अण्णा म्हणजे विचारायलाच नको. तंबाखू नाही, चहा नाही, कांदा-लसूण नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. मॅडम गमतीनं म्हणायच्या, "अण्णांचं रक्त म्हणजे साजूक तूप." गेल्या जुलैत त्यांचे लाडू सात निघाले होते आणि ते सात आम्ही मोजपट्टीसारखे वापरत होतो.

त्या दिवशी पाच आजारी आणि सहावे अण्णा. मी सहा जांभळ्या नळ्या मॅडमकडे नेऊन दिल्या. त्यांनी नावं काढून नंबर चिकटवले आणि कुठला नंबर कुणाचा याच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून डबा टेबलात टाकला. मोजणाऱ्याला नाव माहीत असता कामा नये, हा अण्णांचा हट्ट. "आपल्या माणसाचं नाव दिसलं की डोळे उदार होत्यात," ते म्हणायचे. प्रत्येक स्लाइड आधी मी मोजायची, मग त्यांनी, आणि आकडे शेवटी जुळवायचे.

दुपारी दोनला मी काळोख्या खोलीत बसले. एक नंबर, चौतीस. दोन नंबर, एक्केचाळीस. तीन, बावीस. चार नंबर भिंगाखाली सरकवला.

सगळं आभाळ हिरवं झालं होतं. जिकडं स्लाइड सरकवावी तिकडं लाडू. काही एकएकटे, काही तिघं-चौघं हातात हात धरून बसल्यासारखे. एके ठिकाणी तर सारवणाचा अख्खा पोपडा निघून आलेला, त्याच्यावर मणीच मणी. खरं सांगते, आधी मला भीती वाटलीच नाही. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. मोजत गेले आणि दोनशे बारावर येऊन थांबले. मग मात्र भीती वाटली. पहिली नळी. मी परत पहिली नळी दिली.

पाच आणि सहा कसे मोजले ते देवाला ठाऊक. बाहेर आले तर अण्णा आत जायला उभेच.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

"भूक लागली असंल. जा, खाऊन घे कायतरी."

मी गेले नाही. दारापाशीच उभी राहिले. आतून अण्णांचं मोजणं ऐकू यायचं, ते ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत मोजायचे. पहिल्या तीन स्लाइडी झाल्या. मग पुटपुटणं सुरू राहिलं आणि थांबेचना. शंभर झाले, दीडशे झाले. मध्ये एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

अण्णा बाहेर आले ते थेट माझ्यासमोर. "चार नंबर. तुझे किती?"

"दोनशे बारा."

"माझे दोनशे आठ." नेहमी आकडे जुळले की ते मला एखादा टोमणा मारायचे. आज मारला नाही. तसेच मॅडमच्या खोलीकडे निघाले, मी मागोमाग.

"मॅडम, चार नंबर कोण हाय?"

मॅडमनी चष्मा वर केला. "का हो अण्णा?"

"कोण का असंना, त्याला आजच्या आज दाखल करून घ्या. उद्यावर ढकलू नका. दोनशेच्या वर हायत, दोघांच्या मोजणीत. आतलं सारवण पोपड्यांनी सुटलंय. तीस वर्षांत मी असं बघितलं न्हाई. आज रिपोर्ट चांगले असतील बी, चालत्या पायांनी हिंडत बी असंल तो. त्याला ठाऊकच नसंल बिचाऱ्याला. पण किडनी धरणार हे, आणि धरलं की मग सोडणार न्हाई."

मॅडमनी डबा काढला, चिठ्ठी उघडली, वाचली. मग उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा वाचली.

"मगदूम," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहे अण्णा ही स्लाइड."

बाहेर डायलिसिसची ट्रॉली घरंगळत गेली, तिचं चाक वाजत होतं. अण्णांनी आधी मॅडमकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखे हसले ते.

"नूतन. पहिली नळी."

मी मान खाली घातली.

"केलंस न्हवं परत? अगं, माझ्या घरी आज रडारड झाली असती." ते मॅडमकडे वळले. "पोर हाय. घाईत झालं असंल. बाद करा ती स्लाइड."

मॅडमनी चिठ्ठी फाडली. "उद्या दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घेऊ. आणि नूतन, जायच्या आधी मला भेटून जा."

भेटून जा म्हणजे काय, ते न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. लॅबमध्ये आले, टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. अण्णा हात धुऊन रोजच्या नोंदवहीत काहीतरी लिहीत होते आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते. जायच्या आधी सगळं जागच्या जागी असावं म्हणून मी फ्रीज उघडला. पहिल्या नळ्यांचं रॅक तिथं होतं. सहा लाल टोपणं. शेवटच्या नळीवर माझ्याच अक्षरात 'मगदूम'.

मी ती उचलून तिरकी केली. रक्त हललं नाही. आडवी केली, तरी हललं नाही. भीतीनं माझं डोकंच चालेनासं झालं होतं, आणि मीच केलेली युक्ती मीच विसरले होते.

"अण्णा, हे बघा."

"काय ते?"

"तुमची पहिली नळी. गोठलीय. सकाळीच गोठलीय. हिच्यावर लाडू मोजताच येणार नाहीत. आपण मोजलं ते दुसऱ्या नळीतलं."

त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली. लाल टोपणाकडे बघत राहिले. रंग का बदलला ते त्यांना आत्ता कळलं असावं.

"मग मणी खराब असतील."

"सहाही स्लाइडींना एकाच बाटलीतले मणी होते. बाकी पाच बरोबर आल्या."

"रंग जास्त पडला असंल."

"अण्णा."

"तू मला अण्णा अण्णा करू नको. मला काय झालंय? मी सकाळी चार किलोमीटर सायकल मारून आलोय." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग स्वतःच नळी मशीनपाशी नेली. "थांब, आत्ता दाखवतो. क्रिएटिनीन लावतो."

क्रिएटिनीन म्हणजे किडनीचा रोजचा आकडा. किडनीचं काम कमी पडलं की तो चढतो. सगळं हॉस्पिटल त्यावर चालायचं. नळी फिरली, गोठलेलं रक्त तळाशी बसलं, वरचं पिवळं पाणी मशीनमध्ये गेलं, आणि आम्ही दोघं उभे राहिलो. मी मनातल्या मनात काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. आकडा चढलेला निघाला तर माझी चूक नव्हती हे ठरणार होतं. नीट निघाला तर अण्णा नीट असणार होते. माझं जे व्हायचं ते होवो, अण्णांना काही नको, असं मी शेवटी म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं.

"एक पॉइंट दोन," अण्णा म्हणाले. "बघ. नॉर्मल. कानामागून आली आणि तिखट झाली. जा आता मॅडमकडं."

मी दारापर्यंत गेले. माझं काम संपलं होतं. मशीननं, मॅडमनी आणि खुद्द अण्णांनी एकच निकाल दिला होता. पण ते हिरवं आभाळ डोळ्यांपुढून जाईना. मी परत फिरले.

"अण्णा, मगाशी मॅडमना काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगितलं?"

"रिपोर्ट चांगले असतील म्हणालात. चालत्या पायांनी हिंडत असेल म्हणालात. आजच्या आज दाखल करा, उद्यावर ढकलू नका. तुम्हीच म्हणालात ना? तेव्हा तुम्हाला नाव माहीत नव्हतं."

त्यांनी पुन्हा मशीनवरच्या आकड्याकडे पाहिलं.

"नाव दिसलं की डोळे उदार होतात, हेही तुम्हीच शिकवलंत. चिठ्ठी उघडायच्या आधी तुम्ही जे बोललात ते खरं. त्यानंतरचं मी ऐकणार नाही. मला घालवायचं तर घालवा."

इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. अण्णा स्टुलावर बसले. रुमाल काढला, त्यावरच्या डागाकडे बघितलं. मग वाकून पँटची घडी वर केली. नडगीवर बारीक लाल ठिपके होते, डास चावल्यासारखे, पण डासांचे नव्हते.

"पंधरा दिवस झाले," ते हळू म्हणाले. "डासच म्हणत होतो." मग हात पुढं केला. "दे. लघवीची बाटली दे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. किडनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं हजारो लोकांची लघवी तपासलेल्या माणसानं स्वतःची एकदाही तपासली नव्हती. तपासणीची पट्टी बुडवली आणि ती बघता बघता गडद हिरवी झाली. प्रथिनं जात होती, रक्त जात होतं. मायक्रोस्कोपखाली मी आधी पाहिलं आणि उठून त्यांना जागा दिली. तांबड्या पेशींच्या कांड्या होत्या तिथं. किडनीच्या बारीक नळ्यांत रक्त साकळून त्यांचाच साचा होऊन बाहेर पडलेल्या. त्या दिसल्या की दुसरा पुरावा लागत नाही.

अण्णा पुष्कळ वेळ बघत राहिले. मला वाटलं ते घाबरले असतील. पण मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर भीती नव्हती. बोलले तर आवाज कुजबुजल्यासारखा आला. "मशीनला कळायच्या आधी रक्तानं सांगितलं गं. आपलं आपणच सांगितलं." मग म्हणाले, "चल. मॅडमना दोघं मिळून सांगू."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, नडगी पाहिली, पट्टी पाहिली, आणि कचऱ्याच्या टोपलीतून चिठ्ठीचे दोन तुकडे उचलून टेबलावर जुळवून ठेवले. "नूतन, मगाचं मनावर घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. लगेच फोन उचलून त्यांनी वॉर्डात खाट सांगितली. अण्णांच्या पत्नी, पद्मावतीकाकू, साडेपाचला डबा घेऊन आल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून अण्णा हॉस्पिटलच्या खाटेवर मांडी घालून भाकरी खात होते आणि काकू पदरानं डोळे पुसत त्यांना वाढत होत्या.

तिसऱ्या दिवशी किडनीचा तुकडा काढून तपासला. मॅडमनी काकूंना समजावलं ते मी ऐकलं. शरीराचं राखणदार सैन्य बिथरतं आणि शत्रू समजून आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडतं. किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं गाठोडंच, तिथं सगळ्यात आधी आग लागते. क्रिएटिनीन त्या दिवशी झोपलेलं होतं. पुढच्या आठवड्यात, औषधं चालू असतानाही, ते तीनवर गेलं आणि मग वळलं. "दोन आठवडे उशीर झाला असता तर?" काकूंनी विचारलं. मॅडमनी डायलिसिसच्या खोलीकडे नुसतं पाहिलं.

औषधं जबर होती. अण्णांचे केस गेले, चेहरा सुजला, संसर्ग नको म्हणून घरातून बाहेर पडायची बंदी झाली. त्यांचा पांढरा कोट काळोख्या खोलीतल्या खिळ्याला तसाच लटकत राहिला, आणि झाडताना मी तो हलवायची नाही. दर पंधरा दिवसांनी लाडू मोजायचो. एकशे चाळीस. नंतर शहाऐंशी. मग पस्तीसवर अडकले ते महिनाभर खालीच येईनात. अण्णा दर खेपेला मॅडमना एकच विचारायचे, "कामावर कधी येऊ?" आणि मॅडमचं एकच उत्तर असायचं, "तुमचं रक्त सांगेल तेव्हा."

मे महिन्यात एके दिवशी मोजणीला दुसरा माणूस नव्हता. अण्णा तपासणीला आलेले, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. बाहेरच्या बाकावर बसून कंटाळले होते. मॅडमना म्हणाले, "बसू का भिंगापाशी? कोण जवळ येणार हाय तिथं?" मॅडम हो म्हणाल्या. त्या दिवशी सगळी रक्तं ओपीडीत मॅडमनीच काढली होती, नंबरही त्यांनीच घातले होते. मी चार स्लाइडी मोजून बाहेर आले आणि अण्णा आत गेले.

पुटपुटणं सुरू झालं. किती दिवसांनी ऐकलं ते. दोन नंबरच्या स्लाइडीला लवकर थांबलं.

"दोन नंबर तुझे किती?" आतून आवाज आला.

"दहा."

"माझे नऊ. तुझा एक लाडू खोटा हाय. खालच्या कोपऱ्यातल्याला चारच मणी हायत, डोळे फुटले का तुझे?"

मी आत जाऊन पाहिलं. खरंच चार होते.

अण्णांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि तसेच बसून राहिले. "कसं असंल गं हे," ते म्हणाले. "नऊ गळून पडल्या म्हंजे तितक्याच नव्या आत बसल्या असणार. न्हाईतर भिंत उघडी पडली असती. रोज चाललंय हे. कुणी सांगितलेलं न्हाई, कुणाला ठाऊक न्हाई. आपण जेवतो, भांडतो, झोपतो, आणि आत कुणीतरी गप सारवत बसलंय."

त्या खोलीत आम्ही दोघं आणि काचेवरच्या नऊ हिरवे ठिपके, आणि मला देवळात उभं असल्यासारखं वाटत होतं.

मग ते उठले. कंबर चोळली. "या दोन नंबरवाल्याला म्हणावं, बास झालं घरात बसणं. जा आता, कामाला लाग."

मॅडम दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या होत्या कोण जाणे. त्यांच्या हातात बिस्किटाचा डबा होता. त्यांनी दोन नंबरची चिठ्ठी काढली आणि न उघडता अण्णांच्या हातावर ठेवली.

अण्णांनी चिठ्ठी उघडली आणि दिव्याखाली धरली. एवढंसं एक नाव, पण ते वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तिची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि खिळ्याला लटकलेला कोट झटकून अंगात घातला.

"अजून दोन स्लाइडी राहिल्यात," ते म्हणाले. "सरक, बसू दे."